अठरा पूर्ण झाली, शाळा सुटली, आता काम कुठलं?

प्रौढ दिव्यांगांच्या नोकरी-व्यवसायाबद्दल आणि त्यासाठी लागणाऱ्या आधाराबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त पत्रं आली ती बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आईवडिलांची. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते आणि त्यानंतर कुणाचं दार ठोठवायचं हे सांगणारं कुणी भेटत नाही. निवडक पत्रांना ही उत्तरं. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व ७५ टक्के. वाचता येत नाही, दहाच्या पुढे मोजताना चुकतो. शाळा सुटल्यापासून घरीच आहे. जवळच्या कार्यशाळेत मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करतात, महिन्याला तीनशे रुपये देतात. तिथे पाठवू की नोकरी शोधू? आमच्या भागात बेदाण्याच्या पॅकिंगची कामं बरीच असतात. — एक आई, तासगाव

उत्तर : नोकरी शोधा. कार्यशाळा घरी बसण्यापेक्षा केव्हाही बरी, आणि ज्यांना दिवसभर कुणीतरी लागतंच त्यांच्यासाठी ती योग्यही आहे. पण 'आधी कार्यशाळेत तयार होऊ दे, मग नोकरी' हा क्रम बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत फसतो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही. मेणबत्ती ओतण्यात पाच वर्षं घालवलेला मुलगा पॅकिंगच्या टेबलाशी गेला की नव्याने सुरुवात करतो, कारण जागा, आवाज, माणसं सगळंच बदललेलं असतं. म्हणून आधी जागा मिळवायची आणि त्याच जागेवर, त्याच टेबलाशी शिकवायचं. शिकवणाऱ्या माणसाला जॉब कोच म्हणतात.

७५ टक्के या आकड्याने खचू नका. प्रमाणपत्रासाठी सौम्य म्हणजे ५०, मध्यम म्हणजे ७५, तीव्र म्हणजे ९० आणि अतितीव्र म्हणजे १०० असे ठरवून दिलेले टप्पे आहेत. तुमचा मुलगा मध्यम गटात आहे, एवढंच तो आकडा सांगतो. त्याला चौथा हिस्सा काम जमेल असा त्याचा अर्थ नाही.

नोकरी मागायला जाण्याआधी एक आठवडा वही ठेवा. तो सलग किती वेळ उभा राहतो, किती वेळ एका कामात रमतो, कोणता आवाज किंवा वास सहन होत नाही, अडला की काय करतो. गंधकाच्या वासाने डोकं धरणाऱ्या मुलाला बेदाण्याच्या धुरीजवळ उभं करून उपयोग नाही. मग युनिटमध्ये अर्धा दिवस नुसतं काम बघायला जा आणि मालकाला एकच विचारा : तुमचा कुशल माणूस हातातलं काम सोडून मधूनच उठतो, तो कशासाठी? खोकी उघडून टेप मारणं, पाऊच खोक्यात रचणं, लेबल लावणं, रिकामे क्रेट परत आणणं, अशी तीन-चार कामं निघतात. ती एकत्र केली की एक जागा तयार होते. दया म्हणून दिलेली जागा पहिल्या मंदीत जाते. मालकाची रोजची अडचण सोडवणारी जागा टिकते.

आता मोजण्याचा प्रश्न. समजा एका खोक्यात पाव किलोचे २० पाऊच भरायचे आहेत. त्याला वीसपर्यंत मोजायला शिकवण्यात सहा महिने घालवू नका. प्लायवूडची एक चौकट करून घ्या, पाच खण आडवे, चार उभे. एका खणात एक पाऊच. डावीकडून उजवीकडे भरत जायचं, शेवटी सगळ्या खणांवरून हात फिरवायचा, रिकामा खण लागला नाही की पाऊच खोक्यात. पाच किलोचं खोकं बरोबर भरतं आणि एकही आकडा लागत नाही. लेबल वाकडं लागत असेल तर खोक्यावर ठेवायला पुठ्ठ्याचा साचा करा, त्यात लेबलाएवढी खिडकी कापा. वजन तपासायचं असेल तर कमी-जास्त दाखवणारा दिवा असलेला इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो. हिरवा लागला की पुढे, नाहीतर बाजूला ठेवायचं. 'काट्यावर २५० आलं की सांग' असं त्याला सांगू नका. काटा २४८ आणि २५३ दाखवत राहतो आणि तो तिथेच अडकून बसतो.

कोचने तोंडाने कमी आणि हाताने जास्त शिकवायचं. आधी करून दाखवायचं, मग हात धरून करून घ्यायचं, मग नुसतं बोट दाखवायचं, मग गप्प बाजूला उभं राहायचं. 'आता टेप लाव, आता उचल' असं बोलत राहिलं तर मुलगा कामाशी नाही, त्या आवाजाशी बांधला जातो. कोच गेला की काम थांबतं आणि मालक म्हणतो, याला जमत नाही. पुढच्या पायरीची खूण वस्तूतच असली पाहिजे : ती चौकट, तो साचा, टेबलावर चिकटवलेली पाच फोटोंची पट्टी. पहिले दोन आठवडे कोच पूर्णवेळ, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून दोनदा, तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, असं हळूहळू मागे सरायचं. त्याआधी त्याच टेबलावरच्या एका सहकाऱ्याला सगळं समजावून ठेवायचं. फक्त सुपरवायझरच्या भरवशावर राहू नका, कारण सुपरवायझर बदलतात.

नोकरी मोडते ती बहुतेक वेळा कामामुळे नाही, जेवणाच्या सुट्टीमुळे. कामाला पायऱ्या असतात, त्या अर्ध्या तासाला नसतात. कुणाशेजारी बसायचं, कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही, कुणी चिडवलं किंवा तंबाखू पुढे केली तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. ठरलेली जागा, ठरलेली दोन माणसं आणि एखादं छोटं काम (सगळ्यांच्या बाटल्या भरणं) दिलं की तो वेळ निभतो. कोचने पहिल्या आठवड्यात टेबलाइतकंच लक्ष इथे द्यावं.

दुसरं मोडण्याचं ठिकाण म्हणजे घर. लग्न निघालं, आठ दिवस न सांगता रजा. दुपारी आई डबा घेऊन हजर. दर तासाला फोन. मालकाला वाटतं, घरच्यांनाच हे काम खरं वाटत नाही. इतर कामगारांना लागतात तेच नियम लावा. आणि बेदाण्याचा हंगाम संपल्यावर त्याच्याकडे कोणतं काम असेल, हे रुजू होतानाच विचारून घ्या.

प्रवास शेवटाकडून शिकवा. पहिले काही दिवस तुम्ही बसमध्ये सोबत, फक्त थांब्यापासून फाटकापर्यंत तो एकटा. मग शेवटचे दोन थांबे एकटा, असं मागे मागे येत घरापर्यंत. बस चुकली तर आणि थांबा मागे गेला तर काय करायचं, हे दोन प्रसंग मुद्दाम घडवून आणून सराव घ्या. एसटीत दिव्यांगांना तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे.

पगाराबाबत आमचं मत ठाम आहे. पंधरा दिवस ते महिनाभर चाचणी म्हणून ठरवा, तेही लिहून, आणि येण्याजाण्याचा खर्च घेऊन. त्यानंतर त्या कामाचं किमान वेतन, बँक खात्यात, इतरांच्याच तारखेला. 'शिकतोय अजून' म्हणून वर्षभर हजार रुपयांवर राबवून घेणाऱ्या जागेपेक्षा दुसरी जागा शोधलेली बरी.

कोच कुठून आणायचा? ज्या विशेष शाळेतून तो बाहेर पडला तिथे आधी विचारा. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र असेल तर तिथे. नाहीच मिळाला तर ओळखीतला धीराचा पदवीधर मुलगा किंवा मुलगी दोन महिन्यांसाठी पगार देऊन ठेवा आणि विशेष शिक्षकाकडून वर लिहिलेली पद्धत त्यांना शिकवून घ्या. आईने मात्र कोच होऊ नये. आई शेजारी असली की तो कामगार होत नाही, मुलगाच राहतो.

प्रश्न : आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे, ६० कामगार. आयटीआय झालेली दोन कर्णबधिर मुलं घ्यायची इच्छा आहे, पण अपघाताची भीती वाटते. काय बदल करावे लागतील? कायद्याने काय बंधनं येतात? — एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : ऐकू न आल्यामुळे धोका मुख्यतः दोन प्रसंगी होतो. फोर्कलिफ्ट मागून येते तेव्हा आणि आगीचा भोंगा वाजतो तेव्हा. दोन्हींवर उपाय आहेत. फोर्कलिफ्टला जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवा लावा, चालण्याची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी करा, वळणावर बहिर्गोल आरसा बसवा. त्यांची मशीन अशी लावा की पाठ रस्त्याकडे येणार नाही. भोंग्याच्याच लाइनवर चमकणारे दिवे जोडा. शॉपफ्लोअरवर ते सगळेच लावतात. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली आणि स्टोअर मात्र राहून जातात, आणि माणूस एकटा सापडतो तो तिथेच. प्रत्येक पाळीत एकेका सहकाऱ्यावर 'बाहेर पडताना याला सोबत घ्यायचं' अशी जबाबदारी नावानिशी द्या.

मशीनवर एक खरी अडचण येते. अनुभवी ऑपरेटर टूल बोथट झाल्याचं आवाजावरून ओळखतो. तिथे नगांवर जा : इतके नग झाले की टूल बदलायचं, असा तक्ता मशीनवर लावा. हा तक्ता ऐकू येणाऱ्या कामगारांच्याही उपयोगी पडतो.

'काही नाही, लिहून दाखवू' असं गृहीत धरू नका. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. लिखित मराठीतलं लांबलचक वाक्य त्यांना अवघड जाऊ शकतं. पानभर सूचना दिल्या की ती मुलं मान डोलावतात. मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरू नका. करून दाखवायला सांगा. चांगला नग आणि खराब नग यांचे फोटो शेजारी शेजारी लावा. व्हॉट्सॲपवर एका संदेशात एकच सूचना. रुजू होण्याच्या दिवशी आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवाच. तिथे पैसे वाचवणं महागात पडतं. कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दुभाष्यांबद्दल चौकशी करता येईल. लाइनवरच्या सगळ्यांना वीसेक खुणा शिकवा : थांब, धोका, बरोबर, चूक, माल संपला, मशीन बंद, साहेबांनी बोलावलंय. त्या खुणा त्या दोन मुलांनीच शिकवल्या तर पहिल्या आठवड्यात ओळखही होते.

दोघांना एका कोपऱ्यात शेजारी बसवून मोकळं होऊ नका. कामापुरतं ते सोयीचं वाटतं, पण बाकीच्यांशी त्यांचा संबंध तुटतो आणि पाच वर्षांनी ते त्याच मशीनवर, त्याच ग्रेडमध्ये असतात.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांत आहे, खासगी कारखान्याला टक्का बंधनकारक नाही. पण समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही लागू आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तर कोणती पदं दिव्यांगांना योग्य, निवड कशी, कोणत्या सोयी, संपर्क अधिकारी कोण, हे त्यात लिहावं लागतं, प्रसिद्ध करावं लागतं आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. राज्य कामगार विम्याची पगारमर्यादा इतरांना २१ हजार असली तरी दिव्यांग कामगारांना २५ हजार आहे, आणि त्यांच्यासाठी मालकाने भरायचा हिस्सा ठरावीक वर्षांपर्यंत केंद्र सरकार देतं. तुमच्या सल्लागाराला हे विचारा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याच्या पगारातून महाराष्ट्रात व्यवसाय कर कापायचा नसतो. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी नोंद केली नाही तर तो आपोआप कापला जातो, म्हणून पहिल्या महिन्याची पावती स्वतः पाहा.

प्रश्न : मुलीला पॅकिंगचं काम मिळतंय, पगार आठ हजार. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे बंद होतील का? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) रद्द होईल का? तिचे वडील केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. आमच्यानंतर तिला पेन्शन मिळेल का? — एक आई, नागपूर

उत्तर : कार्ड रद्द होत नाही. ते दिव्यांगत्वाचं आहे, उत्पन्नाचं नाही.

संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. आठ हजारांचा पगार वर्षाला ९६ हजार होतो, म्हणजे ती मर्यादेबाहेर जाईल. वडिलांची पेन्शन उत्पन्नाच्या दाखल्यात कशी धरली आहे, तेही एकदा तपासा. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा अडीच हजार रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला ३० हजार. हिशेब नोकरीच्या बाजूने आहे. पगार लपवून दोन्ही चालू ठेवण्याच्या फंदात पडू नका, चौकशीत रक्कम वसूल होते. नोकरी सुटली तर तहसील कार्यालयात नव्याने अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवासाचा पुरावा, यूडीआयडी, आधार जोडलेलं बँक खातं आणि नोकरी संपल्याचं पत्र एका फाइलमध्ये तयार ठेवा.

केंद्राच्या कौटुंबिक पेन्शनबाबत घरोघरी गैरसमज आहे की मुलाने एक रुपया कमावला की हक्क गेला. तसं नाही. २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे दिव्यांग मुलाचं किंवा मुलीचं इतर उत्पन्न सर्वसाधारण दराच्या कौटुंबिक पेन्शनपेक्षा, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के अधिक त्यावरचा महागाई दिलासा यापेक्षा, कमी असेल तर पेन्शन हयातभर मिळते. शेवटचं मूळ वेतन ४० हजार असेल तर १२ हजार आणि महागाई दिलासा. आठ हजार त्याच्या खाली आहेत. पण तिचं नाव पेन्शनच्या आदेशात वडील हयात असतानाच घालून घ्या. दोघांच्या पश्चात ते काम भावंडांना करावं लागलं तर महिनोन्महिने जातात.

प्रश्न : भाऊ ३१ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया आहे. दोन वर्षं तब्येत स्थिर, औषधं चालू. दोन नोकऱ्या लागल्या, दोन्ही तीन महिन्यांत सुटल्या. मालकाला आजार सांगावा का? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढावं का? — एक बहीण, कोल्हापूर

उत्तर : सांगण्या-न-सांगण्याआधी दोन्ही नोकऱ्यांच्या शेवटच्या दोन आठवड्यांत काय घडलं ते भावाशी बसून लिहून काढा. बरेचदा कारण साधं निघतं. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी नऊपर्यंत राहते आणि पाळी सातची असते. तपासणीसाठी दर महिन्याला रजा लागते आणि ती शेवटच्या क्षणी मागितली जाते. चहाच्या वेळी एकटा बसतो म्हणून 'विचित्र आहे' अशी कुजबुज सुरू होते. किंवा पगार सुरू झाला, बरं वाटलं, आणि त्याने गोळ्या बंद केल्या. पहिल्या कारणावर डॉक्टर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून देऊ शकतात. ते डॉक्टरांनीच करायचं.

आजाराचं नाव मालकाला आपणहून सांगायची सक्ती नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. पण वैद्यकीय फॉर्ममध्ये लेखी प्रश्न असेल तर खोटं लिहू नये, पुढे तेच कामावरून काढायला कारण होतं. आमचा सल्ला असा की नाव न सांगता गरज सांगावी, आणि ती एकाच माणसाला, वरिष्ठाला किंवा एचआरला : 'माझा एक जुना आजार आहे, उपचार चालू आहेत, काम करायला डॉक्टरांची हरकत नाही. रात्रपाळी नको आणि महिन्यातला एक दिवस दवाखान्यासाठी हवा, तारीख मी आधी देईन.' सोबत 'कामास योग्य, रात्रपाळी टाळावी' असं डॉक्टरांचं पत्र. हे कसं बोलायचं याचा घरी चार-पाचदा सराव करा.

प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात 'आयडियाज' मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार गोष्टींत अडचण किती आणि आजार किती वर्षांचा, यावरून टक्केवारी ठरते. ४० टक्के किंवा जास्त आली तर सरकारी नोकरीतलं आरक्षण खुलं होतं. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून १ टक्का आहे. तपासणीला तो नीटनेटका होऊन गेला आणि 'सगळं छान आहे' म्हणाला तर टक्केवारी कमी येते, म्हणून गेल्या दोन वर्षांत काय काय अडलं याचं टिपण आणि जुने केसपेपर न्या. लग्नाच्या विचाराने घरच्यांचा प्रमाणपत्राला विरोध असतो, पण निर्णय भावाचा आहे.

'पूर्ण बरा होऊ दे, मग बघू' असं म्हणून थांबू नका. दिवसाला चार तासांपासून सुरुवात करा. आणि दुखणं उलटण्याच्या खुणा त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या : सलग दोन रात्री झोप नाही, फोन बंद, अंघोळ टाळणं, अमुक माणसाचा संशय. त्यातल्या दोन दिसल्या की कोण कुणाला फोन करणार तेही लिहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : सरकारी खात्यात चालक आहे. अपघातात पाय गेला. वरिष्ठ म्हणतात, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, नाहीतर वैद्यकीय कारणाने काढावं लागेल. — एक कर्मचारी, जालना

उत्तर : त्या अर्जावर सही करू नका. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करू शकत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावं लागतं. यूडीआयडीसाठी लगेच अर्ज करा, कलमाचा उल्लेख करून पर्यायी पदाची लेखी मागणी द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी बोलणी कितीही गोड झाली तरी पोच हवीच. उत्तर आलं नाही तर खात्याचा तक्रार निवारण अधिकारी, नंतर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय.

प्रश्न : मुलगा २५, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व. नोकरी लागली, पण बँक म्हणते पालकत्वाचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय पगाराचं खातं उघडणार नाही. — वडील, नाशिक

उत्तर : अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना अशा वेळीच कळतं. आधी शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारा की तुमच्यासह संयुक्त खातं का चालणार नाही. मुलाला पैसे आणि व्यवहार समजत असतील तर अंगठ्यावरही खातं निघतं. प्रत्येकाला पालक नेमायलाच हवा असं कायदा म्हणत नाही, आणि गरज नसताना नेमणं म्हणजे प्रौढ माणसाचे निर्णय दुसऱ्याकडे देणं.

खरंच गरज असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे नमुना 'अ' मध्ये अर्ज करायचा. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. मानसिक आजारासाठी हा मार्ग नाही. अर्जात 'कशासाठी पालकत्व हवं' हे नेमकं लिहा. बँक व्यवहार असेल तर बँक व्यवहार. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ही यादी बहुतेक पालक देत नाहीत, आणि पुढे भावंडांत वाद झाला की तीच लागते.

प्रश्न : पोलिओमुळे चालता येत नाही, बारावी झाले आहे. गावातच झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान काढायचंय. ग्रामपंचायत म्हणते, दिव्यांगांसाठी निधी नाही. — एक वाचक, बीड

उत्तर : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गेल्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्याचे ५ टक्के आणि प्रत्यक्ष खर्च, एवढी तीनच माहिती माहिती अधिकारात मागवा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. लहान गावात ही रक्कम थोडकी असते. तिच्यावर दुकान उभं राहणार नाही, पण रॅम्प किंवा एखादं यंत्र होऊ शकतं. भांडवलासाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कमी व्याजाचं कर्ज पाहा. अर्ज अडतो तो जामीनदारापाशी आणि दरपत्रकापाशी. दोन्ही आधी जमवा. झेरॉक्स मशीन जुनं घेणार असाल तर टोनर आणि दुरुस्ती करणारा तालुक्याला मिळतो ना, ते आधी बघा.

प्रश्न : आमचं वय सत्तरीकडे. मुलगी ३८ वर्षांची, स्वमग्न, अर्धा दिवस एका बेकरीत काम करते. भाऊ परदेशात आहे. आमच्यानंतर तिचं काय? — आईवडील, ठाणे

उत्तर : आत्ता सुरू करा, आणि सुरुवात निवासी संस्था शोधण्यापासून करू नका. आधी तिला तुमच्याशिवाय एक रात्र, मग तीन रात्री, मग पंधरा दिवस राहायची सवय करा, मावशीकडे किंवा अल्पकाळ मुक्कामाची सोय असलेल्या संस्थेत. राष्ट्रीय न्यासाच्या नोंदणीकृत संस्था समर्थ आणि घरौंदा योजनांखाली अशी केंद्रं चालवतात. आईवडील गेल्याच्या आठवड्यातच पहिल्यांदा घर सोडावं लागलेली माणसं खाणं टाकतात, कामावर जाणं थांबवतात आणि मग नोकरीही जाते. शक्यतो बेकरीत जाता-येता येईल अशा अंतरातलीच जागा पाहा. ओळखीचं काम टिकलं तर बाकीचे बदल ती पेलू शकेल.

राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा घेतला नसेल तर घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, पण नूतनीकरण दरवर्षी वेळेत करावं लागतं. मृत्युपत्रात घर नुसतं भावाच्या नावे करून 'तो बघेल' असं ठेवू नका. वकिलाकडून तिच्यासाठी खासगी विश्वस्त निधी करून घ्या आणि एक तरी विश्वस्त भारतात राहणारा ठेवा.

शिवाय एक वही लिहा, तिच्यासमोर बसून. औषधं आणि वेळा, कोणत्या डॉक्टरांकडे फाइल आहे, कोणता पदार्थ चालत नाही, बेचैन झाली की आधी काय दिसतं आणि कशाने शांत होते, पाळीच्या दिवसांत काय लागतं, बेकरीत कुणाला फोन करायचा, कोणती रिक्षा, सुट्टीच्या दिवशी तिला काय आवडतं. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, ती ताजी करा. एक प्रत भावाकडे, एक बेकरीच्या मालकांकडे आणि एक शेजाऱ्यांकडे द्या.